साठवा डिकोडरच्या आधी, सांडा डिकोडरच्या नंतर

कॅमेऱ्याचं चित्र मागे पडतंय, मध्येच गोठतंय, नाहीतर दोन दिवस सुरळीत चालून डबाच बंद पडतोय, अशी तक्रार आली की नवी पोरं आधी बफर, म्हणजे चित्रं तात्पुरती ठेवायची मेमरीतली जागा, वाढवून बघतात. थोडे दिवस बरं चालतं, मग तीच तक्रार पुन्हा. मेमरी खरोखर कमी पडलीय असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा कुठला बफर कोणाच्या हातात आहे आणि त्याने तो परत कधी द्यायचा, हे प्रोग्रॅममध्ये कुणी ठरवलेलंच नसतं.

मी देवगड तालुक्यात कॅमेरे बसवते. जेटी, बर्फाचे कारखाने, आंब्याच्या पॅकिंग शेड, हल्ली होमस्टेसुद्धा. जेटीवर मी बाजारचा रेकॉर्डर लावत नाही, स्वतः बांधलेला डबा लावते. कारण मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयातल्या टीव्हीवर चित्र ताबडतोब दिसायला हवं असतं आणि त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या असतात. डब्यात दोन जीबीचा रास्पबेरी पाय ४, हा एका पाटीवरचा छोटा संगणक. दोन कॅमेरे, दोन्ही १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ सुटी चित्रं, एच.२६४ पद्धतीने दाबून (कमी जागेत बसवून) पाठवलेली. या पायमध्ये एच.२६४ उलगडणारं, म्हणजे दाबलेल्याचं पुन्हा पूर्ण चित्र करणारं हार्डवेअर (डिकोडर) आहे, पण त्याची मजल १०८० च्या सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. दोन कॅमेऱ्यांच्या मिळून ५० होतात, म्हणून दोनच. पाय ५ घेणार असाल तर त्यात एच.२६४ चं हार्डवेअर नाही, फक्त एचईव्हीसी या नव्या पद्धतीचं आहे. तिथे हे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं.

पुढचं सगळं या डब्याला धरून सांगते. हिशोब मात्र सगळीकडे तोच.

आधी कागदावर आकडे मांडा

उलगडलेली एक फ्रेम किती जागा घेते? डिकोडरमधून चित्र बहुधा ४:२:० या पद्धतीने निघतं. उजेडासाठी प्रत्येक ठिपक्याला एक बाइट आणि रंगासाठी सगळा मिळून त्याच्या निम्मा, म्हणजे ठिपक्याला सरासरी दीड बाइट. १९२० × १०८० × १.५ = ३१,१०,४०० बाइट. पण एच.२६४ सोळा बाय सोळाच्या चौकोनांत काम करतं आणि १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून आत उंची १०८८ धरली जाते आणि खालच्या आठ ओळी दाखवताना कापतात. तेव्हा आकडा धरायचा तो ३१,३३,४४० चा.

रुंदीचंही तसंच. बरीच हार्डवेअर प्रत्येक ओळ ३२, ६४ किंवा १२८ बाइटच्या पटीत संपवतात. १९२० ला या तिघांनीही भाग जातो, त्यामुळे मोठ्या चित्रावर कुणाला काही जाणवत नाही. मग कोणीतरी कॅमेऱ्याची ७०४ रुंदीची सब-स्ट्रीम (त्याचाच लहान चित्राचा प्रवाह) जोडतो आणि चित्र तिरकं फाटतं, कारण ७०४ ला १२८ ने भाग जात नाही. ओळीची खरी लांबी, म्हणजे स्ट्राइड, डिकोडर प्रत्येक फ्रेमबरोबर सांगतो. ती तिथूनच घ्या, रुंदीवरून काढू नका.

चित्र दहा बिटचं असेल तर प्रत्येक नमुना दोन बाइटमध्ये ठेवतात, जागा दुप्पट. आणि ३२ बिटच्या आरजीबीत बदललंत तर एक फ्रेम ८२,९४,४०० बाइटची होते. फक्त वरती दोन ओळी लिहायच्या म्हणून अख्खं चित्र आरजीबी करणारे प्रोग्रॅम मी पाहिलेत. तसं करू नका. अक्षरांचा वेगळा थर ठेवा आणि तो पडद्यावर पाठवताना डिस्प्लेच्या हार्डवेअरला वर चढवू द्या.

आता फ्रेम किती लागतील ते बघू. एच.२६४ मध्ये नवी फ्रेम उलगडायला आधीच्या काही फ्रेम हाताशी लागतात, त्या संदर्भाच्या फ्रेम. त्या डिकोडर स्वतःपाशी ठेवतो, आणि किती ठेवायच्या याची कमाल मर्यादा स्ट्रीमच्या (कॅमेऱ्याकडून येणाऱ्या प्रवाहाच्या) लेव्हलवरून, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या पातळीवरून, ठरते. लेव्हल ४.० आणि ४.१ ला ही मर्यादा ३२,७६८ मॅक्रोब्लॉकची, म्हणजे त्या सोळा बाय सोळाच्या चौकोनांची. आपल्या चित्रात १२० × ६८ = ८,१६० मॅक्रोब्लॉक, म्हणजे चार फ्रेम बसतात. लेव्हल ५.१ ला मर्यादा १,८४,३२०. भागाकार बाविसावर जातो, पण सोळाच्या वर कधीच ठेवत नाहीत, म्हणून सोळा.

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. काही स्वस्त कॅमेरे १०८० चंच चित्र पाठवतात आणि वर लेव्हल ५.१ चा शिक्का मारतात. शिवाय फ्रेमचा क्रम किती मागेपुढे होणार, हे सांगणारा आकडा स्ट्रीममध्ये भरतच नाहीत. मग नियमाने चालणारा डिकोडर सोळा फ्रेम साठेपर्यंत पहिली फ्रेम बाहेर सोडत नाही. सेकंदाला २५ च्या हिशोबाने ६४० मिलिसेकंद तिथेच गेले, आणि पाच कोटी बाइट अडकले ते वेगळेच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवरून बेतलेल्या) बंद करा, लेव्हल निवडता येत असेल तर ४.१ करा. हे होत नसेल तर डिकोडरला लो-डिले, म्हणजे फ्रेम न साठवता लगेच सोड, असं सांगून बघा. पण बी-फ्रेम खरोखर येत असतील तर त्याने चित्र पुढेमागे उड्या मारेल, तेव्हा आधी स्ट्रीम तपासा.

आमच्या डब्याचा हिशोब असा: चार संदर्भाच्या, एक उलगडत असलेली, एक पडद्यावर, एक पडद्याच्या दारात उभी, एक जास्तीची. आठ. प्रत्येक कॅमेऱ्यामागे अडीच कोटी बाइट, म्हणजे २५ एमबी. लिनक्सच्या व्हिडिओ ड्रायव्हरला कमीत कमी किती कॅप्चर बफर (उलगडलेलं चित्र ठेवायचे बफर) लागतील ते विचारता येतं आणि विचारावंच. मात्र तो सांगतो तो आकडा त्याच्या पोटापुरता असतो. तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात एका वेळी जितक्या फ्रेम राहणार, तितक्या त्यात मिळवायच्या.

पायवर हे बफर सीएमए नावाच्या राखीव तुकड्यातून येतात. कधीकधी मेमरी एक जीबी मोकळी दिसते आणि तरी बफर मिळत नाही, ते यामुळे. मेमइन्फो फाइलमध्ये सीएमए टोटल आणि सीएमए फ्री अशा दोन ओळी असतात. दोन्ही कॅमेरे चालू असताना त्या बघा, आणि फ्री तळाला गेलेलं दिसलं तर बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये राखीव तुकडा वाढवा.

साठा कुठे करायचा

आमचे कॅमेरे चार मेगाबिटवर ठेवलेले असतात. म्हणजे दाबलेल्या रूपात एका सेकंदाचं चित्र पाच लाख बाइट. तेच उलगडल्यावर २५ × ३१,३३,४४०, म्हणजे सात कोटी त्र्याऐंशी लाख. दीडशे पटींहून जास्त. वायफाय हेलकावे खातंय, जेटीच्या टोकावरून सिग्नल तुटक येतोय, म्हणून थोडा साठा हवाच असेल तर तो दाबलेल्या पॅकेटचा, म्हणजे कॅमेऱ्याकडून येणाऱ्या गठ्ठ्यांचा करा, डिकोडरच्या आधी. तिथे पाच सेकंद ठेवले तरी अडीच एमबीत भागतं.

जीस्ट्रीमर (चित्रप्रवाह हाताळणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट बघून ठेवावी. त्यातली साधी क्यू, म्हणजे रांग, मुळात २०० बफर, एक सेकंद किंवा १ कोटी ४ लाख ८५ हजार ७६० बाइट, यातलं जे आधी होईल तिथे भरली असं मानते. डिकोडरच्या आधी लावली तर ती सेकंदभर साठा करते. तीच क्यू डिकोडरनंतर लावली की तीन-चार फ्रेममध्येच बाइटची मर्यादा गाठते. नाव एक, सेटिंग एक आणि वागणं अगदी निराळं. मग माणूस वैतागून बाइटची आणि वेळेची, दोन्ही मर्यादा शून्य करतो, म्हणजे अमर्याद, आणि २०० फ्रेम साठायला लागतात: ६२ कोटी बाइट. दोन जीबीच्या पायवर दोन कॅमेऱ्यांनी असं केलं की संपलंच.

आता सांडायचं कुठे? थेट चित्रात कधी ना कधी काहीतरी सोडून द्यावंच लागतं. टीव्ही मागे पडला की नुसतं वाट बघून तो पुढे येत नाही. जेटीवर एकदा तांडेल (होडीचा प्रमुख) टीव्हीसमोर उभा राहून मला म्हणाला, "गो बाय, होडी थंय पोचली आणि ह्यां अजून हंयच दाखयता." खिडकीतून होडी दिसत असताना पडद्यावर ती सात-आठ सेकंद मागे असेल तर त्या टीव्हीचा उपयोग काय?

तर दाबलेली पॅकेट मनाला येतील तशी टाकायची नाहीत. एक पी-फ्रेम (आधीच्या फ्रेमवरून बेतलेली) टाकलीत की पुढच्या सगळ्या फ्रेम तिच्यावरून बेतलेल्या, त्यामुळे पुढची आय-फ्रेम (स्वतंत्र, पूर्ण चित्राची) येईपर्यंत चित्रावर करडे-हिरवे डाग फिरत राहतात. आय-फ्रेम दर ५० फ्रेमला येत असेल तर दोन सेकंद. सगळी पॅकेट उलगडू द्या आणि उलगडलेल्या फ्रेममधून शिळ्या टाका. डिकोडर आणि पडदा यांच्यामध्ये एक-दोन फ्रेमची रांग ठेवा. नवी आली आणि जागा नसली तर जुनी परत करून टाकायची. जीस्ट्रीमरमध्ये त्यासाठी लीकी डाउनस्ट्रीम हा पर्याय आहे. तोच पर्याय लोक डिकोडरच्या आधी लावतात आणि मग कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

डिकोडरच मागे पडत असेल, म्हणजे दाबलेली रांग फुगतच चाललीय, तर एकच मार्ग: रांगेतलं सगळं पुढच्या आयडीआर फ्रेमपर्यंत (जिच्यानंतर तिच्या आधीचं काहीच लागत नाही अशी आय-फ्रेम) एकदम टाका आणि तिथून सुरू करा. चित्र एकदा उडी मारेल, पण स्वच्छ राहील. स्ट्रीममध्ये संदर्भाला न लागणाऱ्या फ्रेम असतील तर त्या मात्र निर्धास्त टाकता येतात. पॅकेटमध्ये चित्राचा जो तुकडा (एनएएल युनिट) असतो, त्याच्या पहिल्याच बाइटमध्ये संदर्भाचे दोन बिट असतात. ते शून्य म्हणजे तिच्यावर पुढचं कुणी अवलंबून नाही.

परत कोण करणार

हार्डवेअर डिकोडरचे बफर मोजके असतात आणि तेच फिरत राहतात. लिलावाच्या जागी क्रेट फिरतात तसं: भरलेला क्रेट घेऊन गेलेल्याने रिकामा आणून टाकला नाही तर होडीत मासळी असूनही उतरवता येत नाही. डिकोडरचं तेच होतं. आठपैकी चार त्याच्याकडे संदर्भाला, बाकीचे चार तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी धरून ठेवलेले, की तो गप्प बसतो. एरर येत नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसतं चित्र गोठलेलं.

प्रोसेसरवर उलगडत असाल तर तोच दोष उलट्या रूपात दिसतो. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या फ्रेमवर किती जणांचा हात आहे याची मोजणी ठेवलेली असते आणि शेवटचा हात सुटला की बफर त्याच्या पूलमध्ये (साठ्यात) परत जातो. तुम्ही कुठेतरी अनरेफ करायला, म्हणजे हात सोडायला, विसरलात तर डिकोडर थांबत नाही, नवे बफर मागत राहतो. मेमरी चढत जाते आणि एक दिवस कर्नल प्रोग्रॅमला मारून टाकतं. दोन दिवसांनी डबा बंद पडतो तो असा.

म्हणून कोड लिहायच्या आधी एका कागदावर लिहा: फ्रेम डिकोडरकडून कोण घेतं, पुढे कोणाला देतं आणि शेवटी कोण सोडतं. प्रत्येक वाटेवर, चुकीच्या वाटेवरसुद्धा. गळती बहुधा तिथेच असते. "चित्राचा आकार जुळला नाही, परत जा" असं म्हणून फंक्शन मधूनच बाहेर पडतं आणि हातातली फ्रेम तशीच राहते. पडद्याला दिलेली फ्रेमही लगेच सोडायची नाही. पुढची फ्रेम प्रत्यक्ष पडद्यावर चढल्याची खबर डिस्प्लेकडून आली की मग आधीची सोडायची. घाई केलीत तर डिकोडर त्याच बफरवर नवं चित्र लिहायला घेतो आणि टीव्हीवर अर्धी होडी जुनी, अर्धी नवी दिसते.

उलगडलेल्या फ्रेमवर काही लिहू नका. हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावं असं मला वाटतं. तुमच्या हातात आलेली फ्रेम डिकोडरच्या हिशोबात अजून संदर्भाची असू शकते. तिच्यावर वेळ लिहिलीत की पुढच्या फ्रेम त्या अक्षरांसकट चित्र उचलतात आणि आकड्यांची भुतं पाण्यावर सरकत जातात. पाहायला गंमत वाटते, निस्तरताना नाही. लिहायचंच असेल तर आधी फ्रेम लिहिण्याजोगी करून मागा. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी मेक-रायटेबल आहे. ते गरज पडली तरच वेगळी प्रत काढतं.

कुणाला एखादं छायाचित्र साठवायचं असेल तर फ्रेम धरून ठेवू नका, प्रत काढा आणि मूळ लगेच परत द्या. मेमरी कार्ड सावकाश लिहितं. तेवढा वेळ डिकोडरचा बफर अडवून ठेवण्यापेक्षा तीन एमबीची एक प्रत केव्हाही परवडली. मात्र प्रत्येक फ्रेमची प्रत ही चैन नको. एक प्रत म्हणजे एका कॅमेऱ्यामागे सेकंदाला ७८ एमबीची ये-जा. डिकोडरचा बफर डीएमए-बफच्या हँडलने, म्हणजे प्रत न काढता नुसती खूण देऊन, थेट डिस्प्लेला द्या, प्रोसेसरने त्याला हातही लावायला नको.

प्रोसेसरवर उलगडताना थ्रेडकडे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांकडे, बघा. एफएफएमपेग फ्रेमनुसार थ्रेड वाटतं तेव्हा प्रत्येक थ्रेडच्या हातात एक अर्धवट फ्रेम असते. चार थ्रेड म्हणजे तीन फ्रेमचा जास्तीचा उशीर आणि तितके जास्तीचे बफर. दोन कॅमेऱ्यांना दोन-दोन थ्रेड पुरतात. आपोआप ठरवू द्यायचं नाही.

पाऊस

उलगडलेल्या फ्रेमचा आकार ऊन असो की पाऊस, बदलत नाही. दाबलेल्या बाजूचा बदलतो, आणि कोकणात तर फारच. दाबण्याची सगळी कला आधीच्या चित्रासारखं जे आहे ते पुन्हा न पाठवण्यात असते. डिसेंबरच्या दुपारी जेटी, भिंत, आभाळ स्थिर, पॅकेट चिमुकली. जुलैत पावसाच्या रेघा, फुटणाऱ्या लाटा, हलणाऱ्या माडाच्या झावळ्या. कालच्यासारखं आज काहीच नाही, मागच्या फ्रेमसारखं पुढच्या फ्रेममध्ये काहीच नाही. रात्री तर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यापुढे प्रत्येक थेंब चमकतो, किडे चमकतात, आणि काचेसमोर जाळं विणून बसलेला कोळी (किडा) वाऱ्याने सगळ्या चित्रभर डोलतो. कॅमेऱ्याची काच पुसणं हेसुद्धा बफरचंच काम समजा.

सरासरी फ्रेम वीस हजार बाइटची असली तरी आय-फ्रेम तिच्या कितीतरी पट असते, आणि पावसात आणखी. हार्डवेअर डिकोडरला दाबलेलं पॅकेट ज्या बफरमधून देता, तो सुरुवातीलाच ठरावीक मापाचा मागून घ्यावा लागतो. सरासरीवर माप काढलंत तर पावसातली आय-फ्रेम त्यात मावत नाही, शेवट तुटतो आणि पुढचे दोन सेकंद चित्राचा खालचा भाग चिखल. उलगडलेल्या फ्रेमच्या निम्मं, म्हणजे दीड एमबीचं माप धरा आणि असे चार ठेवा. सहा एमबीसाठी रडायचं कारण नाही. शिवाय कॅमेऱ्यात बिटरेटला वरची मर्यादा घाला. पावसात चित्र थोडं ढोबळ दिसेल, दिसू दे.

सॉफ्टवेअर डिकोडरला स्वतःच्या बफरमधून पॅकेट देत असाल तर शेवटी ६४ बाइट जास्तीचे ठेवून ते शून्याने भरा. एफएफएमपेग एका दमात बरेच बिट वाचतं आणि शेवटाच्या थोडं पुढे जातं. तिथे दुसऱ्याची जागा असेल तर कधी चालतं, कधी कोसळतं. असा दोष शोधणं म्हणजे डोकेदुखी.

लाइट गेली, आली

इथे वीज जाणं ही अपवादाची गोष्ट नाही. डबा इन्व्हर्टरवर असतो, कॅमेरे नसतात. कॅमेरा पुन्हा सुरू होतो तेव्हा कधी वेगळ्याच आकाराचं चित्र पाठवायला लागतो. म्हणून जोडणी तुटली की डिकोडर फ्लश करा (आतलं सगळं काढून टाका), दाबलेली रांग रिकामी करा आणि आयडीआर येईपर्यंत आलेली पॅकेट टाका. मधूनच सुरुवात केलीत तर नसलेल्या संदर्भावरून बनवलेलं करडं चित्र दिसेल.

चालू स्ट्रीममध्ये आकार बदलला तर हार्डवेअरकडून तशी सूचना येते. आधी जुन्या आकाराच्या उरलेल्या फ्रेम काढून घ्यायच्या. शेवटच्या फ्रेमवर शेवटची असल्याची खूण असते. मग कॅप्चरची रांग थांबवायची, जुने बफर सोडायचे, नवं माप विचारायचं, नवे मागायचे. पडद्याने एखादा जुना बफर धरून ठेवला असेल तर जुन्यांची जागा मोकळी होत नाही आणि नवे सीएमएत मावत नाहीत. त्यामुळे आधी पडदा काळा करा. अर्धा सेकंद काळं दिसल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

तपासणी

प्रोग्रॅममध्ये चार आकडे मोजत राहा: डिकोडरकडे किती बफर, रांगेत किती, पडद्याकडे किती, इतरत्र किती. दर मिनिटाला लॉगमध्ये टाका. बेरीज नेहमी एकूण बफरइतकीच यायला हवी, आणि "इतरत्र" हा आकडा शून्यावर परत यायला हवा. प्रोसेसची मेमरी पहिली काही मिनिटं चढते, कारण पूल भरत असतो. त्यानंतर ती आडवी राहिली पाहिजे. रात्रभर चालवून सकाळी बघा. अगदी सावकाश चढत असली तरी चढतेय म्हणजे कुठेतरी फ्रेम सुटत नाहीये.

डबा चालू असताना कॅमेऱ्याची वायर काढा, घाला. मुख्य स्ट्रीमवरून सब-स्ट्रीमवर जा, परत या. टीव्ही बंद करा, चालू करा. हे सगळं पुन्हा पुन्हा केल्यावर चार आकड्यांची बेरीज जुळते का ते बघा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. टीव्हीकडे कुणी बघत नाही आणि पाऊस मात्र भरपूर. मी डब्याच्या कामाला तेच दोन महिने धरते. त्या दिवसांत रात्रीच्या पावसाची अर्ध्या तासाची क्लिप कॅमेऱ्यातून आली तशी, पुन्हा न दाबता, साठवून ठेवा. वर्षभर प्रत्येक बदल तिच्यावर तपासता येतो. ती चालवताना फाइल कॅमेऱ्याच्या वेगाने सोडा, सेकंदाला २५ फ्रेम. कार्डावरून जमेल तितक्या वेगाने सोडलीत तर दाबलेली रांग लगेच भरेल, आयडीआरपर्यंत टाकण्याचा कोड सतत चालू राहील आणि तुम्ही जेटीवर कधीच न घडणारी गोष्ट दुरुस्त करत बसाल.